रात्रीचा निवारा

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सोयाबीनची मळणी आटोपली होती आणि वाशीमच्या बाजारात त्याची विक्रीही झाली होती. पैसे हाती आले खरे. पण ते येण्यापूर्वीच त्यांच्या वाटा ठरलेल्या होत्या. काही बियाण्यांच्या उधारीत जायचे होते, काही हरभऱ्याच्या पेरणीला लागायचे होते. अशा वेळी ताईला परीक्षेचे प्रवेशपत्र आले. शासकीय नोकरीसाठी ती दोन वर्षे अभ्यास करीत होती. परीक्षेचे केंद्र होते नाशिक. रविवार, 15 तारीख. सकाळी नऊ वाजता हजर राहायचे होते.

बाबांनी थोडा वेळ विचार केला आणि ते म्हणाले, “ताईबरोबर मी जाईन. आपण शनिवारी रात्री अकोल्याहून गाडी पकडू. रेल्वेच्या भाड्याचे पैसे मी वेगळे काढून ठेवतो. राहणे आणि गावात फिरणे यांसाठी मात्र 2000 रुपयांहून अधिक खर्च करता येणार नाही.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “तेवढ्यात बसत असेल, तर तूही चल.”

मी आनंदाने उडीच मारली. त्यापूर्वी मी अकोल्याच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो.

ताईला अभ्यासातून सवड नव्हती. म्हणून मुक्कामाची जागा शोधण्याचे काम माझ्याकडे आले. तिने मला मोबाइलवर एक संकेतस्थळ उघडून दिले. गावाचे नाव, येण्याची तारीख, जाण्याची तारीख आणि माणसांची संख्या एवढे लिहिले, की त्या गावातील निवासगृहांची यादी क्षणात समोर येते. प्रत्येक निवासगृहाची छायाचित्रे, दर, नकाशावरील ठिकाण, तेथील सोयी आणि पूर्वी राहून गेलेल्या लोकांचे अभिप्राय हे सारे पाहता येते. काही ठिकाणी संपूर्ण खोली न घेता एका मोठ्या सामाईक खोलीतील केवळ एक खाट घेता येते. तिला डॉर्मिटरी म्हणतात. एकट्या प्रवाशाला ती स्वस्त पडते.

यादी दरांच्या क्रमाने लावता येते हे कळताच मी तसे केले. सर्वांत वर एक नाव आले. एका खाटेचा दर अवघा 300 रुपये! तिघांचे 900 झाले. मी धावतच ओसरीवर गेलो. तेथे आजी सुपात तूर निवडीत बसली होती.

“आजी, काम झाले! एक हजाराच्या आत मुक्काम!”

आजीने सूप खाली ठेवले. “फार चांगले. पण पैसे भरण्यापूर्वी मला पाच गोष्टी सांग. जागा कुठे आहे? कोणासाठी आहे? सगळे धरून किती पडेल? केव्हापासून केव्हापर्यंत मिळेल? आणि जाणे झाले नाही तर पैशांचे काय?”

मला यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. मी पुन्हा मोबाइल हाती घेतला आणि या वेळी नीट वाचू लागलो.

नकाशा उघडताच पहिला धक्का बसला. ते निवासगृह नाशिक शहराबाहेर 14 किलोमीटरांवर होते. तेथे शहर-बस जात नव्हती. नाशिक रोड स्थानकावरून तेथे, तेथून परीक्षा-केंद्रावर आणि मग परत शहरात अशा तीन रिक्षा कराव्या लागणार होत्या. प्रत्येकीचे 400 रुपये धरले, तरी 1200 झाले. दराखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की कर व इतर आकार वेगळे पडतील. ते आणखी 100 रुपये होते. मी कागदावर बेरीज मांडली : 900, 100 आणि 1200. एकूण 2200 रुपये! यादीत सर्वांत स्वस्त दिसणारी जागा बाबांच्या 2000 रुपयांत बसत नव्हती.

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. नियमांच्या यादीत एक ओळ होती : ‘अठरा वर्षांखालील व्यक्तींना सामाईक खोलीत प्रवेश नाही.’ माझे वय बारा! असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो आणि तो मुलांच्या सुरक्षिततेसाठीच असतो. मी पैसे भरून मोकळा झालो असतो, तर दारातून परत फिरावे लागले असते.

माझा चेहरा उतरलेला पाहून आजी म्हणाली, “अरे, खाट मिळत नसेल, तर खोली बघ. आपण काही एकटे-दुकटे नाही.”

मी खोल्या पाहू लागलो. पंचवटीच्या बाजूला, बसथांब्याजवळ, एक साधे निवासगृह सापडले. चार खाटांच्या खोलीचा एका रात्रीचा दर करांसह 1200 रुपये होता. स्थानकापासून शहर सुमारे दहा किलोमीटर दूर असले, तरी तेथून बस मिळत होती. सर्वांच्या बसभाड्याचे 200 रुपये धरले, तरी खर्च 1400 रुपयांवर जात नव्हता.

तरीही मी घाई केली नाही. त्या जागेविषयी लोकांनी काय लिहिले आहे, ते वाचले. आणखी एका निवासगृहाला याहून अधिक तारे मिळालेले दिसत होते. पण तेथे केवळ सहा जणांनी अभिप्राय दिले होते. या जागेविषयी शेकडो लोकांनी लिहिले होते. कोणी म्हणे, जिना अरुंद आहे. कोणी म्हणे, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळते. परंतु खोली स्वच्छ आहे आणि बायामाणसांना सुरक्षित वाटते, असे पुष्कळांनी अलीकडच्या महिन्यांतही नोंदविले होते. अरुंद जिना आपण चढू शकतो. अस्वच्छ अंथरुणावर मात्र झोपू शकत नाही. कोणती उणीव चालेल आणि कोणती चालणार नाही, हे आपले आपणच ठरवावे लागते.

“खोली चार खाटांची आणि आपण तिघे,” बाबा संध्याकाळी म्हणाले. “चौथी खाट रिकामीच राहणार.”

कोणीच काही बोलले नाही. आजी तूर निवडीतच होती. पण तिचे हात क्षणभर थांबलेले मी पाहिले. गोदावरीचे स्नान घडावे, अशी तिची अनेक वर्षांची इच्छा होती, हे घरात सर्वांना ठाऊक होते. 2000 रुपयांतून 1400 गेले, की 600 उरत होते. तेवढ्यात आजीचे जाण्यायेण्याचे भाडे जवळजवळ भागत होते. मी तो हिशेबाचा कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि हसून म्हणाले, “आई, बोचके बांध.”

मी लगेच पैसे भरण्यासाठी मोबाइल बाबांच्या हाती देऊ लागलो. आजी म्हणाली, “थांब. माझा चौथा प्रश्न राहिला. तू तेथे जे लिहिले आहेस, ते मोठ्याने वाच.”

मी वाचले, “येण्याची तारीख 15, जाण्याची तारीख 16.”

“गाडी नाशकात केव्हा पोचते?”

“15 तारखेला, पहाटे तीन वाजता.”

“आणि खोलीचे दार केव्हा उघडणार?”

मी पाहिले. ‘15 तारखेस दुपारी 12 नंतर’ असे लिहिले होते. मी गप्प झालो. ताईला नऊ वाजता परीक्षेला बसायचे होते. पहाटे तीनपासून तिने कोठे पाठ टेकायची?

आजीने समजावून सांगितले, “रेल्वेची तारीख मध्यरात्री बदलते. आपल्या पंचांगाचा वार मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. पहाटे तीनची वेळ माझ्या हिशेबी शनिवारची रात्र होय. मुक्कामाच्या जागेचा हिशेबही असाच रात्रीचा असतो. पहाटे तीनला अंथरूण हवे असेल, तर रात्र 14 तारखेची घ्यायला हवी.”

बाबा म्हणाले, “मग रात्रीच्या गाडीने जाऊन अर्धी रात्र कशाला गमवायची? शनिवारी सकाळच्या गाडीने निघू. संध्याकाळी पोचू. ताईला रात्रभर झोप मिळेल आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत फिरू. मुक्काम एकाच रात्रीचा, पैसे तेवढेच.”

मी तारीख बदलली : येणे 14, जाणे 15. आजीच्या पाचव्या प्रश्नाचे उत्तरही शोधले. दोन दिवस आधी कळविल्यास पूर्ण पैसे परत मिळणार होते. मग बाबांनी निवासगृहात दूरध्वनी करून नोंदणीची खात्री केली आणि खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत सामान ठेवता येईल का, तेही विचारून घेतले. ताईने आम्हांला बजावले, “पैसे संकेतस्थळावरच भरायचे. कोणी अनोळखी माणूस दूरध्वनी करून पैसे मागू लागला किंवा मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक विचारू लागला, तर त्याला काहीही सांगायचे नाही.”

परतीची तिकिटे काढताना ताईने 15 तारीख लिहिली. गाडी रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी नाशिक रोडहून सुटणार होती. मी ओरडलो, “ताई, थांब! रात्र रविवारचीच, पण रेल्वेच्या लेखी ती तारीख 16!” आजीने नुसते माझ्याकडे पाहिले. शाबासकीचे शब्द तिने उच्चारले नाहीत. पण मला ते ऐकू आले.

ठरल्याप्रमाणे आम्ही शनिवारी संध्याकाळी नाशकात पोचलो. जिना खरोखरच अरुंद होता. खोली लहान, पण स्वच्छ होती. ताई लवकर झोपली. आजी मात्र खाटेवर बसून बोलू लागली.

“मी लहान असताना आईबरोबर पंढरपूरला गेले होते. खिशात पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही. रात्री आम्ही धर्मशाळेत उतरलो. गाडगेबाबांनी गरिबांसाठी ती बांधविली होती.”

संत गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली झाला. हाती खराटा घेऊन ते गावोगाव रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभारविल्या. 1956 साली त्यांचे देहावसान झाले. हजारो लोकांच्या निवाऱ्याची सोय करणाऱ्या या पुरुषाने स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही.

रविवारी पहाटे आजीने रामकुंडावर स्नान केले. नऊ वाजता ताई परीक्षेला बसली. ताजीतवानी होऊन ती आत गेली आणि हसत बाहेर आली. दुपारी आम्ही पांडवलेण्यांकडे गेलो. आजी पायथ्याशी झाडाच्या सावलीत बसली. आम्ही पायऱ्या चढून वर गेलो.

तेथील 10 क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेला एक लेख आहे. ताईने त्याविषयी अभ्यासात वाचले होते. ती म्हणाली, “क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी हा लेख कोरविला. त्याने केलेल्या दानांची त्यात नोंद आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या गावी त्याने प्रवाशांसाठी विश्रामगृहे बांधविली. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि गोवर्धन तर येथे नाशिकजवळच. तापी आणि इतर काही नद्यांवर त्याने विनामूल्य होड्याही ठेवल्या होत्या.” मग ती पुढे म्हणाली, “आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तेथील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्षूंच्या निवासासाठी कोरविले होते.”

मी त्या दगडातील अक्षरांवरून नजर फिरविली. मला ती वाचता येत नव्हती. पण त्यांतील गोष्ट कळत होती. चालून दमलेल्या माणसाला रात्री कोठे पाठ टेकता येईल, हाच प्रश्न तेव्हाही होता.

खाली उतरल्यावर मी आजीला सारे सांगितले. ती म्हणाली, “राजाचा जावई असो की खराटा घेतलेले गाडगेबाबा असोत, वाटसरूला जागा देणे हे मोठे काम आहे. आता तुझ्या मोबाइलवर जागा दिसतात, ही सोय चांगलीच. पण ते यंत्र जागा दाखविते. निवड आपल्याला करावी लागते.”

मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी आमची गाडी सुटली. माझ्या खिशात तो हिशेबाचा कागद होता. त्याच्या मागल्या बाजूस मी आजीचे पाच प्रश्न लिहून ठेवले होते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

स्वाध्याय

1. आजीने विचारलेले पाच प्रश्न कोणते? ते क्रमाने लिहा.

2. सर्वांत कमी दराची जागा शेवटी महाग का ठरली? हिशेब मांडून दाखवा.

3. कारणे द्या :
(अ) लेखकाला सामाईक खोलीत राहता आले नसते.
(आ) परतीच्या तिकिटावर 16 तारीख लिहावी लागली.
(इ) अधिक तारे मिळालेले निवासगृह लेखकाने निवडले नाही.

4. ‘शाबासकीचे शब्द तिने उच्चारले नाहीत, पण मला ते ऐकू आले.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ टेकणे, चेहरा उतरणे, सवड नसणे, परत फिरणे.

6. तुमच्या घरातील चार माणसांना एका रात्रीसाठी वेरूळला जायचे आहे, असे समजा. प्रवास, मुक्काम व जेवण यांच्या खर्चाचा अंदाज वडीलधाऱ्यांच्या मदतीने तयार करा.

7. घरातील वृद्ध माणसांना त्यांच्या लहानपणीच्या एखाद्या प्रवासाविषयी विचारा. त्या वेळी ते रात्री कोठे उतरले होते, ते दहा ओळींत लिहा.