वेल्डरची काच कशी निवडावी?

खिडकीच्या ग्रिलचे वेल्डिंग चाललेल्या दुकानावरून तुम्ही अनेकदा गेला असाल. काही कारागीर काळी काच बसविलेली ढाल तोंडापुढे धरतात. काही जण मात्र बाजारातला साधा काळा गॉगल लावूनच काम करतात. काच काळी असली म्हणजे पुरे, असा त्यांचा समज असतो. तो कितपत खरा आहे?

संरक्षक साधन निवडताना पहिला प्रश्न 'कोणते साधन?' हा नसून 'धोका कशाचा?' हा असतो. वेल्डिंगच्या विद्युत् प्रज्योतीचे, म्हणजे आर्कचे, तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या वर असते. तिच्यातून तीन प्रकारचे किरण निघतात. जंबुपार किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलात शोषले जातात. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. प्रखर दृश्य प्रकाश आतल्या दृक्पटलाला इजा करतो. अवरक्त किरणांमुळे वर्षानुवर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो.

काचेचा काळेपणा क्रमांकाने सांगतात. काचेवर पडलेल्या दृश्य प्रकाशाचा जो अंश पलीकडे जातो त्याला 'प' म्हणू. मग

क्रमांक = १ + (७/३) × लॉग (१/प)

येथे लॉगचा पाया १० आहे. क्रमांक एकाने वाढला की पलीकडे जाणारा प्रकाश सुमारे २.७ पटींनी घटतो.

आता हिशेब करू. गॉगलमधून १५ टक्के प्रकाश जात असेल, तर प = ०.१५, क्रमांक येतो सुमारे २.९. आर्क वेल्डिंगला साधारणतः १० ते १२ क्रमांकाची काच लागते. विद्युत्प्रवाह जितका जास्त, तितका क्रमांक मोठा. क्रमांक १० ची काच सुमारे ७,२०० पैकी एकच भाग प्रकाश आत सोडते. म्हणजे गॉगलमधून त्याच्या हजारपटीहून अधिक प्रकाश डोळ्यात जातो!

शिवाय काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. गॉगल नुसता रंगीत असेल, जंबुपार व अवरक्त किरण अडविणारा नसेल, तर हे न दिसणारे किरण त्या रुंदावलेल्या वाटेने अधिकच आत शिरतात. दिपणे कमी झाले म्हणजे धोका टळला, असे नव्हे.

मग निवड कशी करावी? काचेवरचा क्रमांक कामाशी जुळतो का, ते पाहावे. काच तडकलेली नसावी. चेहरा व मानही झाकली जावी, कारण जंबुपार किरणांनी त्वचा भाजते. चष्मा असल्यास तो ढालीच्या आत मावला पाहिजे; अडचणीचे साधन कारागीर बाजूला ठेवून देतो. शेजारी सळई धरणाऱ्या मदतनिसालाही अशीच काच हवी आणि रस्त्याच्या बाजूला आडोसा हवा.

तुम्ही स्वतः मात्र आर्ककडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका.

करून पाहा : गॅस वेल्डिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या क्रमांक ५ च्या काचेतून किती प्रकाश पलीकडे जातो?
(उत्तर : सुमारे ५२ पैकी एक भाग.)