जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेक

इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ पासून तयार झालेल्या फर्ग्युसन टी. ई. २० ट्रॅक्टरचा ब्रेक लागेनासा झाला, म्हणजे पुष्कळजण तो नुसता आवळून स्वस्थ बसतात. आम्हांस हें पटत नाहीं. मागील आंसाचें ऑईल-सील झिजलें कीं तेल ब्रेकच्या अस्तरावर झिरपतें; सील बदलल्यावांचून नवें अस्तरही फुकट जातें.

पुढील चाकांस दोहों बाजूंनीं दगड लावून, चाक जमिनीवर असतांनाच नट सैल करावे. उचललेला आंस भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं हात घालणारा जिवावर उदार झालेला समजावा! टायरमध्यें पाणी भरलेलें असल्यास चाक एकट्यानें काढूं नये. जुन्या अस्तरांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुप्फुसांस घातक. ती फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी.