जुनी डिझेल पिकअप स्लोला थरथरते, बंद पडते : दोष कसा शोधावा?

पहाटे मेथीच्या जुड्या किंवा टोमॅटोचे क्रेट भरून गाडी बाजार समितीकडे निघते. वाटेत फाट्यावर थांबली की इंजिन थरथरू लागते, आवाज कमी-जास्त होतो आणि शेवटी ते बंद पडते. ढकलून चालू करेपर्यंत लिलाव संपलेला असतो. अशा वेळी बहुतेक जण थेट डिझेल पंप उतरवण्याचा खर्च करतात. वास्तविक जुन्या गाडीत हा दोष पुष्कळदा पंपाच्या अलीकडे, टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या साध्या नळीत असतो. म्हणून तपासणी स्वस्त भागापासून सुरू करावी.

शेतकरी बंधूंनो, पहिल्यांदा पाना हातात न घेता गाडी केव्हा बंद पडते ते पाहावे. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चालू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल, तर लाईन एअर घेत असल्याचा संशय घ्यावा. नळीत हवा शिरली की रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरते. काही अंतर चालून मग बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे. ते साफ करण्यास काहीच खर्च येत नाही.

एअर घेण्याचा दोष फसवा असतो. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे चीर असली तरी डिझेल टपकतेच असे नाही. उलट तेथून हवा आत जाते. ‘कुठेच गळत नाही, म्हणजे लाईन ठीक आहे’ हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. कडक झालेल्या रबरी नळ्या, सैल क्लिपा आणि पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर पाहावेत. वॉशर काढला की नवा घालावा. इथे काटकसर करू नये.

खात्री करण्याची सोपी रीत अशी. स्वच्छ कॅनमध्ये चांगले गाळलेले डिझेल घ्यावे. कॅन फीड पंपापेक्षा उंच जागी, सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधावा. टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून सोडवून तेथे कॅनची डिझेलला चालणारी पारदर्शक नळी जोडावी. मग फिल्टरवरील एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढावे, स्क्रू घट्ट करावा आणि गाडी चालू करावी. आता इंजिन एका लयीत चालले, तर दोष टाकी व फीड पंप यांच्या दरम्यान आहे, पंपाला हात लावण्याचे कारण नाही. फरक पडला नाही तर फिल्टर पाहावा. त्याच्या तळातील पाणी काढावे आणि मुदत उलटली असल्यास फिल्टर बदलावा. ड्रममध्ये डिझेल साठवणाऱ्यांच्या गाडीत पाणी हमखास निघते. एअर फिल्टरही उघडून पाहावा. तो तुंबला की धूर काळा येतो.

एवढे करूनही थरथर राहिली तर एखादा सिलिंडर कमजोर असू शकतो. फिटर एकेका नोझलच्या पाइपचा नट पंपाकडील बाजूने किंचित सैल करून पाहतो. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन आणखी लडखडते. ज्याने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर दोषी. ही तपासणी जाणकारानेच, चष्मा लावून करावी. उच्च दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते. तसे झाले तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. कॉमन रेलच्या गाडीवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये.

दोषी सिलिंडरचे नोझल दुसऱ्यावर बदलून पाहावे. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल टेस्टरवर तपासावे. तेथेच राहिला तर टॅपेटचे अंतर व कॉम्प्रेशन पाहावे.

आणखी एक गोष्ट. स्लोचा स्क्रू पिळून वेग वाढवून देण्याची पद्धत आहे. गाडी बंद पडायची थांबते खरी, पण हवा शिरतच राहते आणि दोष घाटात पुन्हा डोके वर काढतो. तसेच इंजिन लयीत चालते पण केबिन हादरते, असे असेल तर इंजिनाखालचे रबरी माउंटिंग पाहावे. तो डिझेलचा दोष नव्हे.

सगळे तपासून झाल्यावरच पंप उतरवावा. उतरवण्यापूर्वी पंपाच्या फ्लँजवर व इंजिनवर समोरासमोर खूण करून घ्यावी, म्हणजे परत बसवताना टायमिंग चुकणार नाही.