गाठ कापण्याआधी

माझ्या धाकट्या भावाच्या मांडीत, गुडघ्याच्या जरा वर, गाठ होती. दुखत नव्हती म्हणून कुणी मनावर घेतली नाही. वाढायला लागली तेव्हा गावातल्या सर्जननी दाबून पाहिली आणि म्हणाले, चरबीची आहे, काढून टाकू. मलाही त्यानं फोनवर तेच सांगितलं, "ताई, अर्ध्या तासाचं काम आहे." एमआरआय नाही, सुईची बायॉप्सी नाही. जागा बधिर करून मांडीवर आडवा छेद घेतला आणि गाठ तुकड्यातुकड्यांनी काढली. नशीब एवढंच की ती कचऱ्यात गेली नाही. फॉर्मलिनच्या बाटलीतून लॅबला गेली. रिपोर्ट आला: स्पिंडल सेल ट्यूमर, आयएचसी करावे.

म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना निमुळत्या, चातीसारख्या पेशी दिसल्या. पंचाईत अशी की तशा पेशी कितीतरी गाठींत दिसतात. त्यातल्या काही निरुपद्रवी, काही जीवावर बेतणाऱ्या.

परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात गेलो तर पहिला प्रश्न, "ब्लॉक आणलेत?" ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या कॅसेटवर मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. निदान पुन्हा तपासायचं तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइड लागतात. लॅबला लेखी अर्ज देऊन ते मागून घ्या, त्यावरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा. आणि उन्हाळ्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

आयएचसी, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी झाली, मग फिश नावाची जनुकीय तपासणी. सायनोव्हियल सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा एक कर्करोग, निघाला. ह्यात एक्स आणि १८ ह्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन दोन जनुकं जोडली जातात. ती जनुकं १९९४ मध्ये सापडली. नुसत्या नजरेनं जे ठरत नाही ते फिशनं ठरतं. प्रौढांच्या कर्करोगांत सगळे सार्कोमा मिळून जेमतेम एक टक्का. गावातल्या सर्जनला तो जन्मात दोन-चारदाच भेटणार, हे मी समजू शकते. आडवा छेद मात्र महागात पडला. हातापायावरचा छेद उभा, स्नायूंच्या दिशेनं घ्यायचा असतो. आडव्या व्रणासकट आजूबाजूचं सगळं काढायचं म्हणून दुसरं ऑपरेशन कितीतरी मोठं झालं, त्वचा दुसरीकडून आणून लावावी लागली, रेडिएशनचा पट्टाही रुंदावला.

तेव्हा गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, खोल असेल किंवा वाढत असेल, तर दुखत नसली तरी कापू देऊ नका. आधी एमआरआय, मग जाड सुईची बायॉप्सी. सुई कुठून घालायची हेसुद्धा पुढचं ऑपरेशन करणाऱ्यालाच ठरवू द्या. तो मार्गही नंतर काढावा लागू शकतो. 'सुई लावली की पसरतो' ह्या भीतीनं आमच्या नात्यातल्या एकानं बायॉप्सीच टाळली. नीट आखून केलेल्या सुईपेक्षा न आखता केलेली कापाकापी जास्त पसरवते.

टाटात संशोधनासाठी उरलेला तुकडा वापरायची संमती मागितली. दुर्मिळ रोगांत संशोधन अशाच ब्लॉकवर चालतं. २०२४ मध्ये अमेरिकेत ह्याच सार्कोमावर पेशी-उपचाराला मान्यता मिळाली, ती ४४ रुग्णांच्या अभ्यासावर. आणि तो उपचार लागू पडेल का हे ठरवायला आधी गाठीचा तुकडाही तपासावा लागतो. भावानं सही केली, पण आधी विचारलं, "माझ्यासाठी पुरेसा उरेल ना?" तुम्हीही विचारा. प्रत्येक तपासणीला ब्लॉकचे काप जातात.