हळद, साबण आणि आईची पैठणी

भाचीच्या हळदीला मी आईची पैठणी नेसले होते. मोरपंखी अंग, लाल काठ. घरी आल्यावर पाहिलं तर निऱ्यांवर हळदीचा बोटभर डाग. आमच्या सिल्वासात पॉलिस्टर धाग्याचे कारखाने पुष्कळ, आणि माझ्या कपाटातही सिंथेटिक साड्याच जास्त. त्या ज्या बादलीत, ज्या पावडरीत धुते, तिथेच पैठणीही भिजवली.

पावडर लागताच डाग लालभडक झाला. काठाचा रंग उतरला असं वाटून मी घाबरले आणि घासत सुटले. नुकसान हळदीनं नाही, त्या घासण्यानं झालं. खारात हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. मी साध्या थंड पाण्यानं खळबळून त्यात थोडं व्हिनेगर घातलं असतं, तर तो लालपणा गेला असता. पण घासून रेशमाचे तंतू फुटले, तिथली चकाकी गेली, आणि इतका वेळ भिजत राहिल्यावर काठाचा लाल रंग खरोखरच अंगात उतरला.

रेशीम हे किड्यानं विणलेलं प्रथिन. रक्ताचे, दुधाचे डाग काढायला बऱ्याच पावडरींत प्रथिन तोडणारी एन्झाइम्स असतात. ती रेशमालाही सोडत नाहीत. ओलं रेशीम तर आणखी नाजूक.

म्हणून जरीची, दोन रंगांची साडी घरी धुऊच नका. ती ड्राय क्लीनला द्या. तिथे पाण्याऐवजी दुसरा द्रव वापरतात, त्यात तेल-तूप विरघळतं. देताना डाग कशाचा आहे ते मात्र आवर्जून सांगा.

एकरंगी, बिनजरीचं रेशमी ब्लाऊज किंवा ओढणी घरी धुता येते. आधी आतली कड ओली करून पांढऱ्या फडक्यानं दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा. नाही लागला, तर रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून गार केलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं हलक्या हातानं हलवा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, सावलीत वाळवा, किंचित दमट असताना उलट बाजूनं मंद इस्त्री करा.

जुलैत इथे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तेव्हा रेशीम धुवायला काढूच नका, नाहीतर कुबट वास धरतो. आईची पैठणी आता तिच्याच जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवते. डांबराच्या गोळ्या जरीपासून लांब, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलते, कारण जर तुटते ती घडीवरच.