सुझौला निघालेल्या भाचीस

चि. छकुलीस,


चीनमधल्या सुझौच्या शाळेचं नेमणूकपत्र आलं, हे ऐकून घरात सगळ्यांनाच आनंद झाला. तू पदार्थविज्ञान शिकवणार, जावईबापू नोकरी सोडून सोबत येणार आणि आठ वर्षांचा लेक इथली शाळा सोडून तिथल्या वर्गात बसणार. घरात सध्या बोलणं चाललंय ते पगाराचं, विमानाचं आणि लोकरीच्या कपड्यांचं. या पत्राचा विषय वेगळा आहे.

परदेशी शिकवायला गेलेल्या कुटुंबात नोकरी असलेल्या माणसाची फार काळजी करावी लागत नाही. त्याला पहिल्या दिवसापासून टेबल मिळतं, वेळापत्रक मिळतं, मुलं ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणून हाक मारतात, अडलं तर शाळेतलं कुणीतरी धावून येतं. जोडीदाराला आणि मुलाला यातलं काहीच आयतं मिळत नाही. अशी कुटुंबं मुदतीआधी परत येतात तेव्हा कारण बहुधा शाळेत नसतं, घरात असतं. म्हणून आधी या दोघांचा विचार कर, शाळेचा मागाहून.

पीटर हेस्लर या अमेरिकन लेखकाचं उदाहरण यासाठी वाचण्याजोगं आहे. 1996 मध्ये तो पीस कोअरचा स्वयंसेवक म्हणून यांगत्सेकाठच्या फुलिंगला इंग्रजी शिकवायला गेला, तेव्हा एकटा होता. 2019 मध्ये तो पुन्हा चीनला गेला, या वेळी सिच्वान विद्यापीठात लेखन शिकवायला, छंग्दूला. सोबत पत्नी, लेखिका लेस्ली चँग, आणि नऊ वर्षांच्या जुळ्या मुली. मुलींना चिनी जवळजवळ येत नव्हतं. छंग्दूत आंतरराष्ट्रीय शाळा होत्या, तरी या जोडप्याने त्यांना सरकारी प्राथमिक शाळेत घातलं. साऱ्या शाळेत पाश्चात्त्य मुली त्या दोघीच. सुरुवातीला वर्गात काय चाललंय ते कळायचं नाही, गृहपाठाचा ढीग वेगळा, आणि वीचॅट या चिनी अ‍ॅपवरच्या पालकांच्या गटात संदेशांचा पूर. मुली हळूहळू रुळल्या, मैत्रिणी मिळाल्या. मग महासाथ आली. 2021 मध्ये हेस्लरचा करार पुढे वाढवला गेला नाही आणि कुटुंब अमेरिकेला परतलं. ‘अदर रिव्हर्स’ या 2024 च्या पुस्तकात हे सगळं आलं आहे.

वाचून हुरूप येईल, पण एक गोष्ट नजरेआड करू नकोस. त्या घरात आई-वडील दोघांनाही चिनी बोलता येत होतं. रात्री गृहपाठाला बसवणारं कुणीतरी होतं. तुमच्याकडे एकालाही ती भाषा येत नाही. त्यामुळे लेकाला तुझ्याच शाळेत घालणं बरं, मात्र फीची माफी करारात लेखी हवी. शांघाय-सुझौकडच्या चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळांची वर्षाची फी दोन-तीन लाख युआनपर्यंत जाते, ती शिक्षकाच्या पगारातून भरता येण्याजोगी नाही. ‘बघू, करून देऊ’ असं कुणी फोनवर म्हटलं तर त्यावर विसंबू नये.

चिनी मात्र लेकाने शिकलंच पाहिजे, आणि ते शाळेतल्या तासापेक्षा इमारतीखालच्या अंगणात जास्त येईल. चीनमध्ये घरं मोठ्या आवारांत असतात. संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन खाली उतरतात, बायका रांगा करून नाचाचा व्यायाम करतात, मुलं स्केटिंग करतात. फक्त परदेशी लोक राहतात असं आवार निवडलं की हे सगळं हातचं जातं. साध्या आवारात भाडंही थोडं कमी पडेल ते वेगळंच.

आता कागद. या बाबतीत हयगय नको. तुझा व्हिसा झेड, म्हणजे नोकरीचा; जावईबापू आणि लेकाचा एस1, म्हणजे कुटुंबीयांचा. चीनला पोचल्यावर 30 दिवसांत तिघांच्याही वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करायचा. विवाहाचा दाखला, लेकाचा जन्मदाखला, तुझी पदवी आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागेल. परदेशी कागदपत्रं मान्य करण्याच्या अपोस्टिल करारात चीन नोव्हेंबर 2023 पासून आहे, पण भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. तेव्हा नुसतं अपोस्टिल करून भागत नाही, चिनी दूतावासाचं प्रमाणीकरण लागतंच. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. भाड्याच्या घरात गेलात की 24 तासांच्या आत चौकीत जाऊन ती तुम्ही करायची. नाही केली तर 2,000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

जावईबापूंना हे स्वतंत्रपणे वाचून दाखव. एस1 वर काम करता येत नाही. सुझौत महिनाभरात कुणीतरी शेजारी विचारील, आमच्या मुलीला आठवड्यातून दोनदा इंग्रजी शिकवाल का, पैसे चांगले देऊ. माणूस घरी रिकामा असतो, मोह होतो. परवान्याशिवाय काम केल्यास कायद्यात 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, प्रकरण गंभीर ठरलं तर 5 ते 15 दिवसांची कोठडीही. शिवाय जुलै 2021 पासून सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर कडक बंदी आणली आहे, मोठमोठ्या कंपन्या त्यात बुडाल्या. इंग्रजी भाषाशिक्षकाचा परवानाही सहसा ज्यांची ती मातृभाषा आहे अशा देशांच्या नागरिकांनाच मिळतो. तू विषयशिक्षिका म्हणून जाते आहेस, हा मार्ग सरळ आहे. पुढे शाळा बदलायची झाली तर आधीच्या शाळेकडून सोडपत्र घेऊन परवाना रद्द केल्याचा कागद हातात हवा, त्यावाचून नवी शाळा अर्जच करू शकत नाही.

जावईबापूंना नोकरी नाही म्हणजे काम नाही, असं नव्हे. पहिले सहा महिने घरातलं सर्वात मोठं काम भाषा शिकण्याचं आहे आणि ते त्यांनी अंगावर घ्यावं. भाजीबाजार, दवाखाना, घरमालक, गॅसचं बिल, सगळं त्यांच्या चिनीवर चालेल. बाजारात आलं, लसूण, कोथिंबीर, वांगी, मिरच्या सगळं ओळखीचं दिसेल. हॉटेलात मात्र परतलेल्या श्रावणघेवड्यात डुकराच्या मांसाचा खिमा असतो, नुसती भाजी म्हणून मागवली तरी. तुमचं घर शाकाहारी, तेव्हा ‘मांस नको, खिमाही नको, चरबीही नको’ हे वाक्य सर्वांत आधी पाठ करावं. टोफूचे सुकवलेले प्रकार चवीला उत्तम असतात, ते लेकाला नक्की आवडतील. तूरडाळ हवी तर यीवू आणि खछ्याओ या ठिकाणी भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती आहे, तिथल्या दुकानांतून माल मागवता येतो. भाकरीच्या ज्वारीचं म्हणशील तर ती चीनमध्ये पिकते, पण तिचा मोठा वाटा दारूच्या भट्ट्यांकडे जातो.

थंडीचं एक विशेष ध्यानात ठेव. छिनलिंग डोंगर आणि ह्वाई नदी यांच्या उत्तरेला सरकारी व्यवस्थेने घरं ऊबदार ठेवली जातात. बीजिंगमध्ये 15 नोव्हेंबर ते 15 मार्च. सुझौ या रेषेच्या दक्षिणेला येतं. तिथे जानेवारीत बाहेर हवा गोठणबिंदूजवळ आणि भिंती आतूनही गार. घर बघायला जाशील तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याआधी दक्षिणेकडच्या खिडक्या बघ. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या असलेलं घर मिळालं तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही.

आपल्याकडच्या माणसाने चीनमध्ये घर कसं केलं, याचं उदाहरण सोलापूरचं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. बाकीचे चौघे परतले, हे राहिले. चिनी शिकले, त्याच भाषेत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले, 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, ते गेले. युद्धातला काळ, गुहा, खेडी, अपुरं अन्न. तरी भाषेला त्यांनी वेळ दिला. शिज्याच्वांगला त्यांचं स्मारक आहे. लेकाला घेऊन एकदा जाऊन या, आगगाडीचा प्रवास लांबचा आहे पण करण्यासारखा.

शेवटी आजी-आजोबांचं. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये बंद आहे आणि वीचॅटवर भारताने 29 जून 2020 ला बंदी घातली, एकूण 59 अ‍ॅपांत ते एक होतं. म्हणजे तुम्ही ज्यावर, ते त्यावर नाहीत. निघण्याआधी दोन्ही घरांत चालेल अशी एक सोय ठरवा. भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवलं तर बँकेचे ओटीपी येतील आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही चालेल, मात्र खर्च बघून. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तुमची रात्रीची जेवणं आटोपतील तेव्हा आजी दिवेलागण करत असेल. तेव्हा वेळ त्यांची धरा, आणि फोन लेकाच्या हातात द्या.

कळावे.
तुझा,
मामा