जिना की धुराडे? – जलीबच्या इमारतीतील आगीचे विज्ञान

वाचकहो, आजचा लेख खास कुवेतमधल्या मंडळींसाठी, त्यातही जलीब अल शुयूखमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. दाटीवाटीने उभ्या इमारती, एका खोलीत चार-सहा खाटा, मध्ये प्लायवूडचे पार्टिशन आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डावर फ्रिज, किटली आणि सगळ्यांचे मोबाइल. हे चित्र तुमच्या ओळखीचे असेल, तर पुढचे वाचाच.

१२ जून २०२४ रोजी पहाटे कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या एका इमारतीला आग लागली. पन्नासच्या आसपास माणसे गेली, त्यांत चाळीसहून अधिक भारतीय होते. आग तळमजल्यावर लागली होती. पण बहुतेकांचा जीव घेतला तो धुराने, आणि गच्चीचे दार बंद होते. तळमजल्यावरची आग वरच्या मजल्यावरच्या माणसाला कशी मारते, हे आज समजून घेऊ.

धूर वर का जातो?

हवा तापली की प्रसरण पावते आणि हलकी होते. ३०० अंश सेल्सिअसची हवा ३० अंशांच्या हवेच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. साहजिकच ती वर धावते, आणि वर जायला तिला जिन्याइतकी सोयीची वाट दुसरी नाही. थोडक्यात, आपला जिना म्हणजे इमारतीचे धुराडे. वरचे दार बंद असेल तर धूर आधी वरच्या टोकाला साठतो आणि मग थराथराने खाली भरत येतो. घाबरून वर पळणारा माणूस नेमका सर्वांत दाट धुरात शिरतो.

धुरात असते काय?

कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. आता हिशेब करा: हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक भाग असला, तरी त्या हवेत पुरेसा वेळ राहिल्यास सुमारे निम्मे हिमोग्लोबिन तोच अडवून बसतो. शिवाय फोमच्या गाद्या जळताना हायड्रोजन सायनाइडही निघतो. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच, या भरवशावर राहू नका.

सुरुवात कुठे होते?

मंगफच्या तपासात कारण निघाले शॉर्ट सर्किट. आपल्याकडे तीन पिनांच्या प्लगची मर्यादा १३ अँपिअर. २४० व्होल्टला गुणले तर सुमारे ३१०० वॅट. किटली आणि इस्त्री एकाच बोर्डावर लावली की ही मर्यादा सहज ओलांडते. तारेतली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट.

याहून फसवा प्रकार म्हणजे सैल जोड. तिथे रोध वाढतो, जोड तापतो, पण प्रवाह वाढत नाही. त्यामुळे ब्रेकर पडत नाही. ब्रेकर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. प्लगला हात लावून पाहा. तो गरम लागला किंवा सॉकेट तपकिरी झाले असेल, तर तो वापरणे आजच बंद करा.

या शुक्रवारी करायची कामे

१. बॅटरीवर चालणारा धूरसूचक छताला लावा. धूर आधी तिथेच पोहोचतो. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा. खोलीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला फारसा खर्च येत नाही.

२. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारे लागतात ते मोजा. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. भिंतीवरचा हात आणि पाठ केलेला आकडाच वाट दाखवतो. जिन्यात ठेवलेल्या सायकली, जुन्या गाद्या हलवा.

३. गच्चीचे दार आतून किल्लीशिवाय उघडते का, हे हारिसला विचारा. नसेल तर खोल्या-खोल्यांतून मिळून मालकाकडे लेखी मागणी करा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा वीस सह्यांचे वजन जास्त.

४. आणीबाणीचा क्रमांक ११२. आपला ब्लॉक, रस्ता, इमारत आणि इमारतीच्या पाटीवरचा पासी क्रमांक कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.

५. आग लागलीच तर लिफ्ट नको. जिना मोकळा असेल तर खाली उतरा, बाहेर पडताना दार ओढून घ्या. जिन्यात धूर असेल तर खोलीतच थांबा, दार बंद करा, फटीत ओले कापड कोंबा आणि खिडकीपाशी येऊन मदत मागा. धुरातून जावेच लागले तर वाकून किंवा रांगत जा; जमिनीलगतची हवा तुलनेने थंड आणि स्वच्छ असते.

एक काम मात्र शुक्रवारपर्यंत थांबवू नका. खोलीत नवा सोबती राहायला आला, की पहिल्याच संध्याकाळी त्याला जिना, दार आणि ११२ दाखवा. गावाहून नुकत्याच आलेल्या त्या मुलाला हे सांगणारे त्या इमारतीत दुसरे कुणी नसते.